पुढच्यास ठेच, पण मागचा शहाणा कसा होणार?

परक्या शहरात मेट्रोचं कार्ड घेताना कुणी फसलं की त्यावरची चर्चा दोनच वाटांनी जाते. एका वाटेवरचे म्हणतात, अनोळखी माणसाच्या हातून कार्ड घेतलंच कशाला, डोळे उघडे ठेवायला काय झालं होतं? दुसऱ्या वाटेवरचे ते अख्खं शहरच चोरांचं ठरवून मोकळे होतात. एकांच्या मते दोष फसलेल्याचा, दुसऱ्यांच्या मते साऱ्या गावाचा. मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, कारण दोन्हींत एक पक्ष अलगद निसटतो. ज्या संस्थेनं ते कार्ड काढलं, त्याचे नियम लिहिले, ते विकणारी मशीन बसवली आणि त्या मशीनसमोर रोज काय चालतं हे जिला दिसतं, त्या वाहतूक संस्थेला कुणी काही विचारतच नाही. माझं म्हणणं असं की ही फसवणूक रोखण्याची पहिली जबाबदारी तिची आहे. प्रवाशानं सावध असायलाच हवं, पण त्याचा क्रमांक दुसरा.

फसवणुकीचे प्रकार फार नाहीत. स्थानकातल्या तिकीट-मशीनपाशी एक मदतनीस उभा असतो. गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी, बोलणं आर्जवी. मशीन बिघडलंय किंवा तुमचं बँकेचं कार्ड इथे चालत नाही असं सांगून तो स्वतःच्या कार्डानं तिकीट काढतो आणि तुमच्याकडून रोख घेतो. तुमच्या हातात येतं ते लहान मुलाच्या सवलतीचं तिकीट, किंवा आठवड्याचा पास म्हणून एका फेरीचं तिकीट, किंवा कुणीतरी टाकून दिलेलं, शिल्लक शून्य असलेलं कार्ड. पॅरिसचं गार द्यू नोर आणि रोमचं तेर्मिनी ही रेल्वे स्थानकं, इस्तंबूलमधली इस्तंबूलकार्ट या प्रवास-कार्डाची मशीन, या ठिकाणी हा खेळ जुनाच आहे. दुसरा प्रकार घरबसल्या होणारा. गेल्या काही वर्षांत अनेक शहरांच्या वाहतूक संस्थांचं नाव आणि बोधचिन्ह लावून सोशल मीडियावर जाहिराती आल्या: नाममात्र पैसे भरा आणि सहा महिने मोफत फिरा. कार्ड कधी येत नाही. पैसे भरताना दिलेला बँक-कार्डाचा नंबर मात्र भलत्याच हातात जातो. तिसरा प्रकार खऱ्या क्यूआर कोडवर चिकटवलेल्या खोट्या स्टिकरचा. २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात पार्किंग मीटरवर असे स्टिकर सापडले होते, आणि जिथे क्यूआर कोड दाखवून पैसे भरायला सांगतात तिथे ते कुठेही चिकटू शकतात. शिवाय खोटे तपासनीस आहेतच, जागच्या जागी रोख दंड मागणारे.

मी स्वतः पहिल्या प्रकारात सापडलो आहे. सोबत आई होती, सत्तरीची, रात्रभराच्या विमानप्रवासानं थकलेली. मशीनवरची भाषा बदलायचं बटण सापडेना, मागे रांग वाढत होती. एक गृहस्थ पुढे आले, भराभर बटणं दाबली, दोन तिकिटं काढून दिली आणि पैसे घेतले. गेट उघडलं. दोन स्थानकं गेल्यावर तपासनीस आला, त्याच्या यंत्रानं दोन्ही तिकिटं लहान मुलांची असल्याचं दाखवलं आणि आम्ही दंड भरला. तो सभ्य माणूस होता, एवढंच म्हणाला की नियम स्पष्ट आहे. आई त्या दिवशी पुन्हा बोललीच नाही. पैशांपेक्षा डब्यातल्या इतक्या लोकांसमोर फुकट्या प्रवासी ठरल्याचं तिला लागलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याच स्थानकात, त्याच मशीनपाशी, तेच गृहस्थ उभे होते. वीसेक पावलांवर काचेमागे चौकशी-खिडकी होती. मी तिथल्या बाईंना बोट दाखवून सांगितलं. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "तो ना? तो रोज असतो."

तेव्हापासून "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा" ही म्हण मला पर्यटकांच्या बाबतीत खोटी वाटते. म्हण खरी ठरायला पुढचा आणि मागचा एकाच वाटेनं, एकमेकांना दिसतील अशा अंतरानं चालत असावे लागतात. पर्यटक चार दिवसांसाठी येतो, पाचव्या दिवशी निघून जातो. त्याच्या मागून त्या मशीनपाशी येणारा दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या भाषेचा असतो. रहिवाशाला शहर एका महिन्यात शहाणं करतं. पर्यटक मात्र रोज नवा आणि रोज तितकाच अनभिज्ञ. मग त्या वाटेवर दगड नेमका कुठे आहे हे कुणाला माहीत असतं? एक, तो ठेवणाऱ्याला. दुसरं, वाटेच्या मालकाला. ठेचाळलेल्या सगळ्यांचा हिशेब फक्त मालकाकडे असतो. जबाबदारी ठरवायची ती ज्याच्याकडे माहिती आणि अधिकार दोन्ही आहेत त्याच्यावर. हे आपण पूल, विजेच्या तारा आणि औषधं यांच्या बाबतीत बिनतक्रार मान्य करतो. मग तिकिटाच्या बाबतीत अडतं कुठे?

ज्यावर ही फसवणूक पोसली जाते ते नियमही पाहू. बार्सिलोनात दहा फेऱ्यांचं एक कार्ड मिळतं, टी-कॅज्युअल. २०२० पर्यंत त्याच्या जागी असलेलं टी-१० कार्ड अनेकांनी मिळून वापरलं तरी चाले. नवं कार्ड एकाच माणसाचं. एका कुटुंबानं एकामागून एक तेच कार्ड वापरलं तर गेट उघडतं, प्रत्येक वेळी एक फेरी वजा होते, आणि तपासनीस आला की दंड होतो. विमानतळावरच्या मेट्रो स्थानकांवर तर हे कार्ड चालतच नाही. पॅरिसचा नाविगो साप्ताहिक पास सोमवार ते रविवार चालतो. बुधवारी घेतला तरी तो रविवारीच संपतो. नाविगो देकूव्हेर्त कार्डावर स्वतःचा फोटो चिकटवावा लागतो, नाव लिहावं लागतं. ते केलं नसेल तर पैसे भरलेले असूनही दंड. या प्रत्येक नियमामागे काही कारण असेल. पण गेट ज्याला आत सोडतं त्याला तपासनीस गुन्हेगार ठरवतो, तेव्हा गेटनं गप्प राहून प्रवाशाला चकवलेलं असतं. नियम जितके गुंतागुंतीचे, तितकी मदतनीसाची गरज मोठी. आणि जिथे खऱ्या मदतनीसाची जागा रिकामी असते तिथे खोटा येऊन उभा राहतो.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मला मान्य करायला हवा. व्यवस्था सुधारेल तेव्हा सुधारेल, विमान उद्याचं आहे. सावधगिरी फुकट मिळते आणि आजच कामी येते. खरं आहे. उद्या निघणाऱ्याला मी व्यवस्थेवरचा लेख वाचायला देणार नाही, काही सूचना देईन. त्या पुढे दिल्याही आहेत. पण तेवढ्यावरून सावधगिरी हाच मूळ उपाय ठरत नाही. तिकिटांचा इतिहास याविरुद्ध साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकात आगगाड्या नव्या होत्या तेव्हा कारकून हातानं तिकिटं लिहीत. किती लिहिली, किती पैसे आले, याचा ताळमेळ लागत नसे आणि मधल्यामध्ये पैसे जिरत. १८३० च्या दशकात न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेवरच्या थॉमस एडमंडसन नावाच्या स्टेशनमास्तरनं आधीच छापलेली, ओळीनं क्रमांक घातलेली पुठ्ठ्याची तिकिटं काढली. गठ्ठ्यातल्या पुढच्या तिकिटाचा आकडा पाहिला की विक्रीचा हिशेब तिथल्या तिथे कळे. ही तिकिटं ब्रिटिश रेल्वेत १९९० पर्यंत टिकली. कंडक्टरच्या चिमट्यालाही त्याच शतकात घंटा बसली. तिकिटाला भोक पडलं की घंटा वाजे आणि ती शेजारी बसलेल्या प्रवाशालाही ऐकू जाई. कारकुनांनी प्रामाणिक व्हावं आणि प्रवाशांनी सावध व्हावं असे फलक लावून हे साधलं नव्हतं. लबाडी लपणारच नाही अशी वस्तू कुणीतरी घडवली होती.

आता कुणी न्यूयॉर्ककडे बोट दाखवेल, आणि त्यात तथ्य आहे. तिथल्या भुयारी रेल्वेत टोकन होती तेव्हा काही लोक टोकनच्या फटीत कागद कोंबून ठेवत. प्रवाशाचं टोकन अडके, तो चडफडत दुसऱ्या गेटकडे जाई, आणि मग हा माणूस फटीला तोंड लावून ते टोकन ओढून काढी. २००३ मध्ये टोकन गेली, मेट्रोकार्ड उरलं, तर काही जण कार्डाची मशीन बिघडवून ठेवू लागले आणि अडलेल्या प्रवाशाला आपल्या कार्डावर पैसे घेऊन आत सोडू लागले. म्हणजे फसवणूक मरत नाही, कपडे बदलते. मग व्यवस्था बदलून काय साधलं? मला याच उदाहरणातून उलटं दिसतं. टोकन ओढणारे गेले ते टोकन गेली म्हणून. प्रवासी हुशार झाले म्हणून नव्हे. २०१९ पासून तिथे स्वतःचं बँक-कार्ड किंवा फोन थेट गेटला टेकवता येऊ लागला, तेव्हा ज्याला मशीनपाशी जायचंच नाही त्याला मशीन बिघडवणारा काय अडवणार? चोर नवी फट शोधेल, हे कबूल. कुलूप कधीतरी कुणीतरी उघडेल म्हणून दारं उघडी ठेवून झोपायचं का?

याहून मोठा प्रश्न नुकसान कुणाच्या पदरी टाकायचं हा आहे, आणि माझ्या मते सगळी चर्चा इथे व्हायला हवी होती. एटीएममधून परस्पर पैसे गेल्याच्या तक्रारी येऊ लागल्या तेव्हा अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं, हरवलेल्या किंवा चोरलेल्या कार्डाबद्दल ग्राहकानं दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याचं नुकसान ५० डॉलरवर थांबवलं. ग्राहक खोटं बोलतो हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आला. ब्रिटनमध्ये बँका म्हणत राहिल्या की आमची यंत्रणा चुकत नाही, तुम्हीच पिन सांगितला असेल. केंब्रिजचे संगणक-सुरक्षा तज्ज्ञ रॉस अँडरसन यांनी याचा अभ्यास करून दाखवलं की ज्या बँकांना नुकसान सोसावं लागत नव्हतं त्याच सुरक्षेत ढिल्या पडल्या. खिशाला चाट बसते तो दुरुस्ती करतो. आज पर्यटकाच्या कार्डाबाबत वाहतूक संस्थांची स्थिती त्या ब्रिटिश बँकांसारखी आहे. खोटं तिकीट पर्यटकाला विकलं गेलं तर संस्थेचं काही जात नाही, उलट दंडाची भर पडते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, स्थानिक करदात्यांनी परक्यांची भरपाई का द्यावी? दुसरा, भरपाई देऊ लागलात तर खोट्या दाव्यांची रांग लागेल. पहिल्याला माझं उत्तर असं की पर्यटक आधीच बरंच देऊन जातो. कार्डाचं शुल्क देतो, आणि न वापरलेली शिल्लक मागे ठेवतो. जपानमध्ये पर्यटकांसाठी २०१९ मध्ये आलेलं वेलकम सुइका कार्ड २८ दिवसांत संपतं आणि त्यातली उरलेली रक्कम परत मिळत नाही. हे आधी सांगितलेलं असतं, त्यात लबाडी नाही. लंडनमध्ये वापरात नसलेल्या ऑयस्टर या प्रवास-कार्डांवर पडून राहिलेली रक्कम कोट्यवधी पौंडांची आहे. या पैशाचा एक लहान हिस्सा मशीनपाशी गणवेशातला एक खरा माणूस उभा करायला का वापरू नये? दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. पण त्यालाही वाट सापडलेली आहे. ब्रिटननंच पुढे ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकाला बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यावी असा नियम केला, आणि घोर निष्काळजीपणाचा अपवाद ठेवला. एवढ्या रकमांचं ज्यांना जमतं, त्या जगात मेट्रोच्या तिकिटाचं जमू नये?

बँक-कार्ड थेट टेकवण्याचा उपाय मी वर कौतुकानं सांगितला, त्याच्या उण्या बाजू लपवत नाही. लंडनच्या बसमध्ये २०१२ पासून आणि भुयारी रेल्वेत २०१४ पासून ही सोय आहे. दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादाही आपोआप लागू होते, म्हणजे तेवढं भाडं झालं की त्या दिवशी पुढे पैसे कापले जात नाहीत. नेदरलँड्समध्ये २०२३ पासून ती देशभर आहे. घ्यायचं कार्डच उरलं नाही की कार्ड विकणाऱ्याचा धंदा बसतो. पण प्रत्येकाकडे परदेशात चालणारं कार्ड नसतं, बँका परकीय चलनाचं शुल्क लावतात, लंडनमध्ये बँक-कार्ड टेकवणाऱ्या मुलाला मुलाची सवलत मिळत नाही, आणि आपल्या प्रत्येक फेरीची नोंद बँकेशी जोडली जाते. वाहतुकीचं वेगळं कार्डही खासगीपणाची हमी देतंच असं नाही. २०१० मध्ये हाँगकाँगच्या ऑक्टोपस कंपनीनं सुमारे वीस लाख ग्राहकांची माहिती विकल्याचं उघड झालं होतं. म्हणून रोख पैसे घेणारी माणसाची खिडकी बंद करू नये, हे मी आग्रहानं म्हणतो. ज्या स्थानकांतून ती खिडकी गेली, तिथे खोट्या मदतनीसाची सोय झाली.

संस्थांना वाटेतला दगड, म्हणजे त्यांच्या यंत्रणेतली त्रुटी, दाखवली तर त्या काय करतात, याचीही उदाहरणं आहेत. २००८ मध्ये बोस्टनच्या वाहतूक संस्थेच्या तिकीट-कार्डांतल्या त्रुटी एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाचे तीन विद्यार्थी एका परिषदेत मांडणार होते. संस्थेनं न्यायालयातून तात्पुरती मनाई आणली आणि भाषण झालं नाही. दहाएक दिवसांनी न्यायाधीशांनी ती मनाई वाढवायला नकार दिला. २०१७ मध्ये हंगेरीतल्या बुडापेस्टच्या नव्या ऑनलाइन तिकीट-व्यवस्थेत किंमत बदलून साडेनऊ हजार फोरिंटचा (तिथलं चलन) पास पन्नास फोरिंटला मिळतो, हे अठरा वर्षांच्या एका मुलानं शोधलं आणि स्वतःहून कळवलं. त्याच्या घरी पोलीस गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण इतकी तंतोतंत लागू पडावी याचं मला आजही वाईट वाटतं. सांगणाऱ्याला शिक्षा होत असेल तर सांगणार कोण?

आता त्या सूचना, कारण विमान उद्याचं आहे. कार्ड फक्त मशीन, खिडकी किंवा संस्थेच्या अधिकृत ॲपमधून घ्या, आणि त्या ॲपचं नाव जाहिरातीवरून न घेता संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. कुणाच्याही हातून भरलेलं कार्ड घेऊ नका, मग ते देणारा परतीला निघालेला प्रेमळ प्रवासी का असेना; त्यात शिल्लक किती हे डोळ्यांनी दिसत नाही. मशीन बिघडलंय असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या मशीनकडे चालू लागा. तिकीट हातात आल्यावर प्रौढ की सवलतीचं एवढा एक शब्द वाचा, त्या भाषेतला तो शब्द आदल्या रात्री शोधून ठेवा. पैसे क्रेडिट कार्डानं भरा म्हणजे वाद घालता येतो, आणि पावती प्रवास संपेपर्यंत जपा. बँक-कार्ड टेकवत असाल तर दिवसभर तेच टेकवा. फोन आणि प्लास्टिकचं कार्ड यंत्राला दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि कमाल मर्यादेचा फायदा जातो. बाहेर पडताना टेकवायचं असेल तिथे विसरू नका. साध्या कपड्यातला तपासनीस खरा असू शकतो, प्रागमध्ये ते तसेच असतात. बिल्ला पाहायला मागा, पावतीशिवाय रोख देऊ नका. गर्दीत कुणी खिशाबाहेरून कार्ड वाचेल या भीतीनं खास पाकिटं घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की खरा धोका समोर उभा राहून गोड बोलणाऱ्याकडून आहे.

आणि फसलात तर तक्रार करा, परतीच्या विमानात बसून का होईना. एका मशीनवर एकाच बँक-कार्डानं दिवसाला डझनावारी मुलांची तिकिटं निघत असतील तर ते संस्थेच्या नोंदीत दिसतं. ते शोधायला कुणाला तरी भाग पाडावं लागतं. आईच्या तिकिटावर मशीनचा क्रमांक आणि वेळ छापलेली होती. ती दोन्ही लिहून मी तक्रार पाठवली. उत्तर आलं, त्यात दंडाच्या नियमाचं कलम होतं. मशीनविषयी एक शब्द नव्हता. मी तोच क्रमांक आणि तीच वेळ घालून पुन्हा लिहिलं आहे, आणि या वेळी त्यांनी त्या तासातली बाकीची तिकिटंही पाहावीत अशी मागणी केली आहे.